हद्दूचा ठिपका

डबा पुरावा तर तो हद्दूनंच. अख्ख्या अॅटलास डोंगरांत दुसरा माणूस दाखवा, मिशी उतरवून देऊ. दूध पावडरीचा रिकामा डबा घ्यायचा, तळाला खिळ्यानं चार भोकं पाडायची म्हणजे पाणी साचत नाही, आणि तो जमिनीत असा बसवायचा की डब्याची कड आणि माती एका पातळीत आली पाहिजे. नखाएवढी कड वर राहिली तर बारका जीव तिला वळसा घालून निघून जातो. खाली गेली तर पहिल्याच पावसात चिखल आत. राजधानीतून, रबातहून येणारी शिकलेली पोरं एका डब्याला अर्धा तास घेतात आणि वर हद्दूलाच विचारतात, "बरोबर आहे ना?" हद्दू बोटानं कड चाचपतो, "हं" म्हणतो, आणि पोरं पुढं गेली की डबा उपसून पुन्हा बसवतो.

तिझ्रूत गावापासून तीन तासांच्या चढावर, देवदाराच्या रानात, जंगल खात्याची एक दगडी खोली आहे. बावीस वर्षं हद्दूचा मुक्काम तिथंच. त्यातली सोळा वर्षं तुदा होती, त्याची बायको. ती छातीच्या दुखण्यानं गेली. मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ बास्सू खाली तिझ्रूतला. भरलं घर, तीन सुना, शंभरावर मेंढ्या, आणि आवाज असा की या टेकडीवरून बोलला तर त्या टेकडीवरची कुत्री उठतात. दर ईदला बास्सू म्हणायचा, "खाली ये की. वरची खोली तुझीच आहे, दार मी कुणाला उघडू देत नाही." हद्दू म्हणायचा, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढायला लागायचा, कारण डब्यांची फेरी चुकवून चालत नाही.

काम काय, तर रानातले बारके जीव मोजणं. उंदीर, चिचुंद्र्या, कोण कुठल्या उंचीपर्यंत चढतं, कोण कुठं थांबतं. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, रबातहून डॉक्टर लुब्ना आणि तिची पोरं दहा-दहा दिवस येतात. तेवढे दिवस खोलीत माणसांचा वास असतो, बूट दाराशी पडलेले असतात, कुणीतरी गाणं म्हणत भांडी घासतं. मग ती जातात. मग हद्दू, साठ पत्र्याचे पिंजरे आणि चाळीस डबे. जिवंत सापडलं तर वजन करायचं, शेपूट मोजायची, वहीत लिहायचं, सोडून द्यायचं. शाळा त्याची चौथीपर्यंतच, पण वही बघा, खाडाखोड नाही. वजन तो मोठ्यानं वाचायचा. ऐकायला कुणी नव्हतं म्हणूनच वाचायचा. "एकवीस ग्रॅम. कालचाच तू. जा." कधीकधी आठवडाभरात त्याच्या तोंडून निघालेले शब्द एवढेच.

तर त्या वर्षी ऑक्टोबरात काय झालं. जुन्या मेंढवाड्याची एक कोरड्या दगडांची भिंत आहे, ऊन खाणारी, दक्षिणेला तोंड करून. तिच्या पायथ्याशी एकतीस नंबरचा डबा. त्यात सकाळी एक चिचुंद्री मरून पडलेली. चिचुंद्र्या त्यानं हजारानं बघितल्या होत्या. ही पाहून तो गुडघ्यावरच बसला. ऑलिव्हच्या बीएवढं अंग, त्याला मोठे कान, शेपटीवर लांब लांब केस. काट्याला लावली तर काटा हललाच नाही असं वाटलं. दोन ग्रॅम. पिंजऱ्यातली पट्टी हिच्या वजनानं कधीच दबली नसती. डब्यात पडली म्हणून सापडली.

ही कोण ते त्याला माहीत होतं. लुब्नाबाईच्या नकाशावर हिचे ठिपके होते, सगळे खाली, समुद्राकडं, उन्हाच्या टेकड्यांत. इतक्या वर देवदारात एकही नव्हता. बाईनं एकदा दाखवलंही होतं, मानाचा 'सी' लावून. "सी हद्दू, ही तुमच्याकडं येत नाही, तिला थंडी सोसत नाही." आणि आता ही त्याच्या तळहातावर.

खोलीपाशी फोनला रेंज नाही. पानगळीची माणसं नुकतीच येऊन गेलेली, आणि कळवलं तरी आता येणार ती एप्रिलमध्येच. तोवर ती टिकवायची कशी? रबातची मंडळी स्पिरिटमध्ये ठेवतात. पण ज्या खोलीत पाच वेळा नमाज होतो तिथं हद्दू ती बाटली ठेवू देत नसे. पहिल्या वर्षी त्यांनी ठेवायला दिलेली त्यानं बाहेर दगडाखाली ठेवली होती, तर माकडांनी नेली आणि चावून चावून रिकामी टाकली. तेव्हापासून बाटली नाहीच. आधी कधी तिची गरजही पडली नव्हती. मेलेला उंदीर असेल तर लिहून टाकून द्यायचा. उंदीर काय, रोजचेच.

मग त्यानं आमच्याकडं जे करतात तेच केलं. ईदचं मांस वर्षभर टिकतं ते कसं? मीठ, धणे, ऊन, चरबी. आईनं केलं, तुदानं केलं, त्यानंही केलं. मीठ आतपर्यंत जावं म्हणून चिचुंद्री नाकापासून शेपटीपर्यंत उभी चिरली, मीठ चोळलं, माश्या बसू नयेत म्हणून चाळणीखाली छपरावर तीन दिवस वाळवली, आणि कोमट चरबीत बुडवून बरणीचं तोंड बांधलं. धणे मात्र घातले नाहीत. तेवढं त्याला कळत होतं.

मंगळवारच्या बाजाराला उतरला तेव्हा भावाला सांगितलं. फक्त भावाला. आता बास्सूला सांगणं म्हणजे काय ते तिझ्रूतची कुत्रीही जाणतात. संध्याकाळपर्यंत कसाई मिमूनच्या दुकानापासून टॅक्सीच्या अड्ड्यापर्यंत सगळ्यांना खबर. "माझ्या भावानं सरकारचा नकाशा खोटा पाडला. डॉक्टर लोकांना वीस वर्षं दिसलं नाही ते आमच्या हद्दूला दिसलं. आता एप्रिलमध्ये बघा, त्याच्यासाठी गाडी येते की नाही." बास्सू खोटं बोलत नाही. मोठं बोलतो. दोन्हींत फरक आहे.

एप्रिलमध्ये गाडी आली, आणि लुब्नाबाईबरोबर तिचे मोठे प्रोफेसरही आले. हद्दूनं बरणी पुढं ठेवली. प्रोफेसरांनी चिमट्यानं चरबीतून काढलं ते काय होतं? चिपाडासारखं एक, केस गळालेले. त्यांनी वास घेतला.

"हे तुम्ही शिजवलंत?"

"नाही साहेब. कोमट होती चरबी."

एक पोरगा हसला. लुब्नाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग तो थांबला. प्रोफेसर वाईट नव्हते, भिंग घेऊन बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, "सगळं दातांवर ठरतं, सी हद्दू. वरच्या जबड्यात पुढच्या मोठ्या दातामागं बारीक दात असतात. इथल्या नेहमीच्या चिचुंद्रीला तीन. तिला चार. आणि तुम्ही तर नाकच चिरलंय. एका बाजूला दात नाहीत, दुसऱ्या बाजूला भुगा."

"वजन दोन ग्रॅम होतं. लिहिलंय."

"नेहमीच्या चिचुंद्रीचं पिल्लूही तेवढं भरेल."

"पिल्लू नव्हतं."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," प्रोफेसर म्हणाले. "पण ठिपका देता येत नाही."

हे खाली पोचायला दोन दिवस पुरले. ड्रायव्हर तिझ्रूतचाच होता. पुढच्या मंगळवारी हद्दू बाजारात गेला तर मिमूननं मांस तोलता तोलता विचारलं, "काय हद्दू, मेंढीचं देऊ, की हल्ली उंदराचंच खातोस?" लोक हसले. "चिचुंद्रीचं वाळवण करायला मीठ किती लागतं रे? आमची बायको विचारत होती." हद्दूनं मांस घेतलं, पैसे दिले आणि निघाला. बास्सू मिमूनच्या अंगावर धावून गेला, चार माणसांनी धरला. "माझा भाऊ बोलला दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम," असं तो रस्त्यावर उभं राहून ओरडत होता, आणि जितका ओरडला तितकं लोकांना जास्त हसू आलं.

त्यानंतर हद्दू बाजाराला उतरेनासा झाला. पीठ, तेल, साखर भावाचा खेचरवाला महिन्यातून एकदा वर टाकून जायचा. खरंच चुकला असता तर एक वेळ चाललं असतं, माणूस चुकतो. पण त्यानं ती डोळ्यांनी बघितली होती. तेवढी एक गोष्ट साऱ्या जगात फक्त त्याला माहीत होती, आणि ती त्याच्याबरोबर त्या खोलीत बसून राहिली होती. लुब्नाबाई जाताना म्हणाली होती, "पुन्हा सापडली तर? बाटली ठेवून जाते मी." हद्दू म्हणाला, "बाटली नको. जिवंत आणून देईन."

"ती दर दोन तासांनी खाते, सी हद्दू. नाही मिळालं तर मरते. माणसाला जमत नाही ते."

"मला दुसरं काय काम आहे?" हद्दू म्हणाला.

उन्हाळा गेला, पानगळ गेली. बर्फ पडलं तेव्हा तो मेंढवाड्याच्या भिंतीशी फावड्यानं वाट करायचा आणि डब्यांवर दगडांचं छप्पर घालायचा, खाली बोटभर फट ठेवून. दिवसातून चार फेऱ्या. डब्यात उंदीर पडायचे, नेहमीच्या चिचुंद्र्या पडायच्या. तो त्यांना सोडायचा. कधी माकडं भिंतीवर ओळीनं बसून त्याच्याकडं बघायची. एकदा तो त्यांच्याशी बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज घोगरा झालाय, शब्द अडखळत निघतोय. त्या दिवशी त्यानं खोलीत येऊन सगळी वही पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून काढली.

मार्चमध्ये, बर्फ भिंतीच्या सावलीपुरतंच उरलं असताना, एकतीस नंबरच्या डब्यात ती हलत होती.

त्यानं आत टाकलेलं शेवाळ थरथरताना दिसलं, मग नाक. सोंडेसारखं वर-खाली होणारं नाक. हद्दू अलगद खाली वाकला. डबा तसाच उपसला, तोंडावर कापड बांधलं आणि छातीशी धरून खोलीत आणला. मग धावत सुटला मेंढवाड्याच्या जुन्या लेंड्यांच्या ढिगाकडं. तो ढीग आतून गरम असतो, त्यात पांढऱ्या अळ्या असतात. मूठभर अळ्या. देवदाराच्या सालीखालून चार रातकिडे. तिनं स्वतःएवढा रातकिडा दोन मिनिटांत संपवला, पाय तेवढे टाकले.

मग तो वर खिंडीत चढला, तिथं फोनला एक रेघ येते. लुब्नाबाई नशिबानं खाली अझरू शहरात होती, पक्ष्यांच्या मोजणीसाठी, खात्याच्या विश्रामगृहात. हद्दू म्हणाला, "सापडली. जिवंत आहे." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "सी हद्दू, उद्या या. मी कुठं जात नाही." आणि रेघ गेली.

त्या दिवशी धुकं होतं, उतरता आलं नसतं. तो दिवस आणि ती रात्र हद्दू तिच्यापाशी बसला. दर दोन तासांनी अळी. तिला काही नाव ठेवलं नाही, पण बोलला मात्र खूप. बावीस वर्षांत त्या खोलीत तो तुदाशीही एवढं बोलला नसेल. तुदाची खोकल्याची शेवटची थंडी, बास्सू लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा ते, मिमूनचं बोलणं. ती खायची आणि झोपायची आणि पुन्हा खायची. हातात घेतली की तिचं काळीज बोटांना असं लागायचं जणू फोन वाजतोय.

पहाटे निघाला. डबा लोकरीत गुंडाळलेला, कोटाच्या आत. दुसऱ्या डबीत अळ्या, मोजून, दुपारपर्यंत पुरतील एवढ्या. आठ वाजता वाटेवर थांबून भरवलं. नऊला तिझ्रूत दिसलं, आणि भावाच्या घराच्या अंगणात माणसं दिसली. मोठी पातेली, धूर. बास्सूच्या नातवाचा सातवा दिवस, बारसं. मेंढी कापली होती. निरोप खेचरवाल्यानं मागंच दिला होता, हद्दू साफ विसरला होता.

टॅक्सीची वाट भावाच्या दारावरूनच जाते.

"हद्दू!" बास्सू अंगणातून. "बघा, आला की नाही! मी सांगत होतो ना, येणार म्हणून!"

"दादा, मी थांबत नाही. अझरूला जातोय. बाई वाट बघतेय."

"बारशाच्या दिवशी दारावरून उपाशी जातोस? पोराला नाट लावतोस?"

"दादा, ती सापडलीय. जिवंत. दर दोन तासांनी…"

बास्सूनं आवाज खाली आणला. असं फार क्वचित होतं. मग हळूच म्हणाला, "कुठाय?" हद्दूनं कोट उघडून लोकर आणि कापड जरा बाजूला केलं. बास्सूनं आत बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही.

"तीन पेले," बास्सू म्हणाला. "तीन पेले चहा म्हणजे किती वेळ रे? आत मिमून बसलाय. सगळा बाजार बसलाय. एकदा बघू दे त्यांना. एकदाच. मग मी स्वतः टॅक्सी थांबवतो."

आमच्याकडं पहिला पेला घेऊन उठता येत नाही, आणि बारशाच्या घरी तर नाहीच. हद्दू आत गेला. कोट दारापाशी खुंटीला लावला, घरात माणूस कोट काढूनच बसतो. अळ्यांची डबी कोटाच्या खिशात राहिली.

खोलीत तीसेक माणसं, शेगडी धगधगलेली, काचा घामेजलेल्या. डबा बास्सूच्या हातात. तो उभा राहिला. "डॉक्टर लोक म्हणाले, ही इथं नाही. प्रोफेसर म्हणाला, पिल्लू आहे. माझा भाऊ बर्फात वर्षभर बसला. बघा. दात मोजा, कुणाचे डोळे चांगले आहेत त्यानं मोजा. चार आहेत."

डबा फिरायला लागला. प्रत्येकजण वाकून बघायचा. "अरे, ही तर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी." "शेपटीला मिशा आहेत बघ." "खाते काय रे ही?" "तुझ्यासारखं, दिवसभर." हसले सगळे, पण या वेळी हद्दूला नाही हसले. एकानं त्याला उशी सरकवून दिली. दुसऱ्यानं विचारलं, डबा पुरायचा कसा, कड किती वर ठेवायची. हद्दूनं सांगितलं. हातानं दाखवलं. लोक ऐकत होते.

शेवटी डबा मिमूनपाशी पोचला. मिमूननं बराच वेळ बघितलं. मग डबा पुढच्याला दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हद्दू, मी तुला बाजारात बोललो ते चुकलं माझं."

"असू दे," हद्दू म्हणाला.

"नाही, चुकलं. तिकडं एकटा राहतोस, कसं जमतं तुला? मला तर एक दिवस बायको माहेरी गेली तर घर खायला उठतं." आणि स्वतः उठून त्यानं हद्दूचा पेला भरला.

तो तिसरा होता. हद्दू तो हळूहळू प्यायला. दहा वाजून गेले होते, ते त्याला माहीत होतं. डबा भिंतीकडच्या कोपऱ्यात होता, शेगडीजवळ, तिथं म्हातारे अजून बघत होते. उठायला हवं होतं. पण मिमून विचारत होता, बर्फ किती पडलं, माकडं त्रास देतात का, आणि खोलीभर माणसांचे आवाज, मांसाचा वास, कुणाचा तरी खांदा त्याच्या खांद्याला लागलेला. वर्षात पहिल्यांदा. चौथा पेला कुणी ओतला ते त्याला कळलंही नाही. जेवण आलं. बाळाचं नाव मोठ्यानं सांगितलं गेलं. बास्सूनं त्याचा हात धरून आपल्याशेजारी बसवला, आणि हद्दू बसला.

साडेअकराला तो एकदम उठला. डबा मागवला, कोट घातला. दाराबाहेर अळी धरली. तिनं अर्धी खाल्ली, अर्धी टाकली. "पोट भरलं असेल," बास्सू म्हणाला. "घरात एवढी ऊब होती." हद्दूनं कापड बांधून डबा कोटात घातला. बास्सूनं खरंच रस्त्यात आडवं उभं राहून टॅक्सी थांबवली, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला मागं पाठवलं. "डॉक्टरकडं जातोय माझा भाऊ," तो ड्रायव्हरला म्हणाला, "हळू चालव, पण लवकर चालव."

टॅक्सीत हद्दूनं डब्यावरचं कापड सोडलं नाही. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, कोटात काय आहे. हद्दूनं हात आत घालून डब्यावर बोटं ठेवली होती. काही वाजत नव्हतं. पत्रा जाड असतो, असं तो मनाशी म्हणत होता.

विश्रामगृहात लुब्नाबाईनं टेबलावर पांढरा कपडा घातला होता, भिंगाचं यंत्र मांडलं होतं. तिनं लोकर काढली, शेवाळ काढलं. चिचुंद्री कुशीवर पडली होती, अजून मऊ.

हद्दू उभा राहिला होता तो तसाच राहिला.

लुब्नाबाईनं ती यंत्राखाली घेतली. ओठ सुईनं उचलला. मग ती बाजूला सरकली. "बघा."

हद्दूला आधी काही दिसलं नाही, सगळं पांढरं. मग तिनं चाक फिरवलं, आणि मोठ्या दातामागं एक, दोन, तीन, आणि अगदी शेवटी, मोठ्या दातांच्या आड दडल्यासारखा, चौथा. वाळूच्या कणाएवढा.

"चार," तो म्हणाला.

"चार," ती म्हणाली. "सी हद्दू, तुम्ही गेल्या वर्षीच खरे होता."

तिनं लगेच फोन लावला. प्रोफेसरांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, ते एकसारखं काहीतरी विचारत होते, ती हो, हो म्हणत होती. मग खाली बसून चिठ्ठी लिहायला घेतली: तारीख, उंची, जागा, भिंत, डबा. मधेच मान वर न करता म्हणाली, "रात्रीच मेली ना?"

"नाही. सकाळी जिवंत होती. आठला खाल्लं."

"मग?"

हद्दूनं टोपी काढून हातात घेतली. "भावाकडं बारसं होतं. चहा घेतला."

लुब्नाबाईनं पेन थांबवलं. ती याच मुलुखातली, रबातला शिकली तरी इथलीच. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "जिवंत आणली असतीत तरी मला तिला मारावीच लागली असती. दात मोजायला दुसरा मार्ग नाही. आम्हाला मेलेलीच लागते."

"हं," हद्दू म्हणाला.

आता हे तिनं समजूत घालायला सांगितलं. पण त्या माणसाचं तोंड ज्यानं पाहिलं असेल त्याला कळलं असतं की त्यानं काही हलकं झालं नाही. दीड दिवस तो जिला अळ्या भरवत होता ती शेवटी कुठं निघाली होती, हे त्याला आधी माहीत नव्हतं असं नाही. त्यानं ते कधी पुरतं मनात येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

चिठ्ठीवर, कशानं मेली त्यापुढं, तिनं काहीतरी लिहिलं, त्यानं वाचलं नाही. मग तिनं संगणकावर नकाशा उघडला. समुद्राकडं ठिपक्यांची गर्दी, आणि वर, त्यांच्यापासून लांब, काहीच नसलेल्या जागी, तिनं बटण दाबलं. एक काळा ठिपका उमटला. एकटाच.

"माझी खोली कुठं आली?" हद्दूनं विचारलं.

"ठिपक्याखाली."

"आणि मेंढवाडा?"

"तोही. खिंडही. तिझ्रूतसुद्धा बहुतेक." ती जरा हसली. "याहून बारीक ठिपका देता येत नाही."

त्यानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, अंधाराआधी वर पोचायचंय. ती म्हणाली, राहा आज, जेवा. तो नको म्हणाला. तिझ्रूतला टॅक्सीतून उतरला तो ओढ्याच्या अंगानं, मागच्या वाटेनं चढला. त्या वाटेनं घरं लागत नाहीत, कुणी हाक मारत नाही.

ठिपका छापून आला, आणि लुब्नाबाईनं तो कागद बास्सूकडं पाठवला, कारण हद्दूच्या खोलीला टपालाचा पत्ता नाही. बास्सूनं तो मिमूनच्या दुकानात काचेआड लावायला लावला. आजही आहे, जाऊन बघा. प्रोफेसर स्वतः विचारतात, सी हद्दू कसे आहेत. अॅटलासात माणसं खूप आहेत, शिकलेली आहेत, गाड्यांतून फिरणारी आहेत. नकाशावरचा तो ठिपका मात्र आमच्या हद्दूचा.

तो कागद दाखवायला बास्सू मे महिन्यात वर चढला होता, गुडघे धरत. हद्दूनं बघितलं, "चांगलं छापलंय" म्हणाला, आणि फेरीला निघाला. बास्सू त्याच्यामागं गेला. पिंजरे झाले, डबे झाले. मेंढवाड्याच्या भिंतीशी एका डब्यावर सपाट दगड ठेवलेला होता, कडेनं माती लिंपलेली.

"हा का बंद?" बास्सूनं विचारलं.

"असाच."

"अरे, पण तोच ना तो? तिथंच सापडली ना? अजून असतील की तिथं."

"असतील," हद्दू म्हणाला. "राहू देत."

बास्सूकडं यावर म्हणायला पुष्कळ होतं. पण त्यानं भिंतीकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि उतरताना सगळी वाट काही न बोलता उतरला. हद्दूनं खोलीत जाऊन वही काढली. तीस: काही नाही. एकतीस: बंद. बत्तीस: उंदीर, एकोणीस ग्रॅम, सोडला. हे त्यानं मोठ्यानं वाचलं नाही.